कच्च्या व्हेगन आहाराचे सहा महिने : नाशिकच्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. कच्च्या व्हेगन, म्हणजे न शिजवलेल्या आणि प्राण्यांपासून आलेलं काहीही नसलेल्या आहाराकडे वळणाऱ्या घरांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकाच घरात बसवून ते मांडलं आहे. रिपोर्टमधले आकडे त्या हिशेबाने घेतलेत. मापं आणि कारणं मात्र खरी आहेत.

घर सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत. गृहस्थ ४८ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८१ किलो. मधुमेह चार वर्षांपासून, बीपीची गोळीही चालू. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ५००, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, रात्री टेल्मिसार्टन ४०. बायको ४२ वर्षांची, वजन ५१ किलो. घरात आईही आहेत आणि त्यांना रात्री गरम भात-वरण लागतंच. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन प्रकारचं जेवण चालणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चालायचं होतं.

गृहस्थांनी ठरवलं होतं ते असं : तीन महिन्यांत शंभर टक्के कच्चं. धान्य, दूध, तूप, मध, गॅस सगळं बंद. कच्चा आहार पाळणारे साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर अन्न तापवत नाहीत. प्रकरणाची सगळी गोम या 'शंभर टक्के' आकड्यात आहे. आजवर काय खात होतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि पोटाला किती झेपतं, यातलं काहीच तो आकडा विचारत नाही.

सुरुवातीचे रिपोर्ट

आहार बदलायच्या आधी तपासण्या झाल्या पाहिजेत, यावर तडजोड नको. नंतर काही बिघडलं तर ते आहाराने बिघडलं की आधीपासूनच होतं, हे कळायला मार्ग राहत नाही. गृहस्थांचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ७.६, उपाशीपोटी साखर १४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१, पोटॅशियम ४.३, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.०. बी १२ फक्त १८६ पिकोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व १७ नॅनोग्रॅम. बायकोचं हिमोग्लोबिन १०.४.

बी १२ कमी असणं अपेक्षितच होतं. शाकाहारी घर आणि त्यात मेटफॉर्मिन. ही गोळी आतड्यातून बी १२ नीट शोषू देत नाही. आता दूध-दहीही बंद होणार. यात एक छुपा धोका आहे. कच्च्या पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळतं, त्यामुळे बी १२ नसतानाही रक्त बऱ्यापैकी दिसतं आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं. मधुमेह्याच्या पायाला मुंग्या आल्या की सगळे साखरेला दोष देऊन मोकळे होतात. स्पिरुलिना, मोड किंवा आंबवलेले पदार्थ यांतून बी १२ मिळतं, हा समज सोडून द्यावा. स्पिरुलिनात असतं ते शरीराच्या कामाचं नसतं. इथे डॉक्टरांनी रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. पातळी भरली की आठवड्यातून दोनदा, आणि ती कायमची.

ड जीवनसत्त्वाच्या आठवड्याच्या कॅप्सूलवर गृहस्थ अडले. नेहमीची कॅप्सूल जिलेटिनची आणि आतलं डी३ मेंढीच्या लोकरीच्या तेलातून काढलेलं. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे : डी२, किंवा दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेलं डी३. लेबल वाचून घ्यावं लागतं, एवढंच.

पहिले तीन आठवडे : गॅस चालूच

फेब्रुवारीत सुरुवात केली, ते बरं झालं. नाशिकला त्या वेळी गाजर, मुळा, कोबी, टोमॅटो, काकडी सगळं ताजं आणि स्वस्त असतं. पहिल्या टप्प्यात शिजवणं थांबवलंच नाही. साखर, मैदा, फरसाण आणि तळण काढलं आणि दोन्ही जेवणांच्या आधी १५० ग्रॅम कोशिंबीर घातली. दह्याऐवजी दाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. रविवारची मिसळ सुटेल म्हणून गृहस्थ हळहळले. पण मटकीची उसळ आणि तर्री मुळात व्हेगनच असते. अडचण आहे ती वरचं फरसाण, पाव आणि तेलाच्या तवंगाची.

कोशिंबीर वाढवायची तर आठवड्याला साधारण ५ ग्रॅम चोथा वाढेल एवढीच. आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. एकदम अर्धा किलो कच्चा कोबी आणि वाटीभर मटकी खाल्ली की पोट ढोलासारखं होतं आणि माणूस दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वडापावच्या गाडीवर दिसतो. गृहस्थांना सहाव्या दिवशी गॅस झालाच. कच्चा कांदा आणि कोबी आठवडाभर कमी करून काकडी, गाजर, टोमॅटोवर भर दिला, तेव्हा पोट जागेवर आलं. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते, हे आधीच सांगून ठेवावं. नाहीतर एक चक्कर दवाखान्यात होते.

दूध सोडण्यातला खरा अडसर चहा. दिवसाला चार कप, म्हणजे जवळपास पाव लिटर दूध तिथेच. दर चार दिवसांनी एक कप कमी केला. एकदम सोडला असता तर दोन-तीन दिवस डोकं ठणकलं असतं आणि त्याला लोक 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत' म्हणतात. तो कॅफीन सुटल्याचा त्रास असतो, दुसरं काही नाही. दह्याची जागा शेंगदाण्याच्या दह्याने घेतली. १०० ग्रॅम दाणे आठ तास भिजवून, सालं काढून ४०० मिलिलिटर पाण्यात वाटायचे, गाळायचे, विरजणाला हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ. न उकळता लावलेलं पहिलं भांडं नासलं : वास आंबूस न येता कुजका आला आणि वर गुलाबी ठिपके. दूध आधी उकळून कोमट करून विरजलं की बरं लागतं. मग ते कच्चं राहत नाही, हे खरं. पण ठिपके आलेलं भांडं वरचा थर काढूनही खाऊ नये.

पाव लिटर दुधाबरोबर ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. ते भरायला २५ ग्रॅम न सोललेले तीळ आणि ६० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी रोज ठेवली. भाकरीतूनच दोनशेच्या वर मिलिग्रॅम येतं. तिळातल्या कॅल्शियमचा काही भाग त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगी लागत नाही, म्हणून सगळा भार तिळावर टाकू नये.

सकाळची थाळी आणि पावणेबाराची घटना

चौथ्या आठवड्यात नाश्ता पूर्ण कच्चा केला. थाळी अशी ठरली : ३०० ग्रॅम काकडी-गाजर-टोमॅटो-कोबी, ४० ग्रॅम कोरड्या मुगांना आणलेले मोड (मोड आल्यावर ते ९०-१०० ग्रॅम भरतात), २० ग्रॅम भिजवलेले शेंगदाणे, २० ग्रॅम ओलं खोबरं आणि एक पेरू. साधारण साडेचारशे कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं.

थाळी चांगली होती. चुकलं ते गोळीचं. पूर्वी त्या जागी दोन बशा पोहे आणि साखरेचा चहा असायचा आणि ग्लिमेपिराइड त्या हिशेबाने दिलेलं होतं. ही गोळी जेवण बघत नाही. ताटात पिष्ट असो-नसो, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. तिसऱ्या दिवशी पावणेबाराला मशीनवर उभं असताना हात थरथरायला लागले, घाम फुटला. ग्लुकोमीटरवर ६२. सोबतच्या माणसाने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तर ८८. त्यानंतर थोडं जेवण. ७०च्या खाली साखर गेली की करायचं ते हेच, आणि तेव्हा 'साखर व्हेगन आहाराला चालत नाही' असा विचार करत बसायचं नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं आणि मेटफॉर्मिन तसंच ठेवलं.

म्हणून नियम असा की, ग्लिमेपिराइडच्या वर्गातली गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिलं कच्चं जेवण सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायचं, नंतर नव्हे. पहिले दोन आठवडे नाश्त्यानंतर दोन तासांनी आणि जेवणाआधी साखर मोजायची.

घाबरून गृहस्थ उलट्या टोकाला गेले. दिंडोरी-निफाडची द्राक्षं दारावर येत होती, म्हणून सकाळी अर्धा किलो द्राक्षं हाच नाश्ता. अर्धा किलो द्राक्षांत ८० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दोन तासांनी मीटरवर २३८. फळ कच्चं आहे, झाडावरचं आहे, हे मीटरला कळत नाही. द्राक्षांचं माप १०० ग्रॅमवर आणलं आणि तीही थाळीच्या शेवटी, दाणे-खोबऱ्यानंतर.

धुणं, मोड आणि काय कच्चं खाऊ नये

कच्च्या आहारात विस्तवाचं काम हातांना करावं लागतं, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. इथे ठरवलेली रीत अशी. कोबीची वरची तीन-चार पानं टाकून द्यायची, पानन् पान सुटं करायचं. पालेभाजी मुळाशी कापून, वाहत्या पाण्याखाली प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळायचं. मग १ लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचं बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट १ मिलिलिटर, म्हणजे ५० पीपीएम क्लोरीन. त्यात पाच मिनिटं आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने दोनदा. सुगंधी ब्लीच चालत नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण पट्टकृमीची अंडी त्याला दाद देत नाहीत. ती चोळून आणि सोलूनच जातात. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवल्याने त्यांना काही होत नाही. ही अंडी पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून फिट येऊ शकते, तेव्हा कंटाळा करायची ही जागा नव्हे. द्राक्षांवरच्या फवारणीसाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, १२ ते १५ मिनिटं, मग वाहतं पाणी. सालीवरचं बरंच निघतं, गरात मुरलेलं निघत नाही.

मोड आणायला मूग आठ तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बारा-सोळा तास. उबदार, ओलसर फडकं मोडांना मानवतं तसंच साल्मोनेला आणि ई. कोलायलाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत ५०हून अधिक माणसं दगावली. जंतू बियाण्याच्या भेगांत बसलेले असतात, वरून धुऊन जात नाहीत. म्हणून या घरात मोडांना पाच मिनिटं वाफ दिली जाते. कट्टर कच्चाहारी याला फसवणूक म्हणतील, म्हणू देत. कुरकुरीतपणा टिकतो, चिकट बुळबुळीतपणा नसतो आणि मुगाचं पचन उलट सोपं होतं.

काही गोष्टी कच्च्या कधीच नाहीत. राजमा भिजवला, मोड आणले तरीही नाही. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांनीही काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात आणि ते घालवायला खळखळती उकळी लागते. फरसबी त्याच भावकीतली. अळू आणि सुरण घशाला खाजवतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. हिरवट बटाटा नाही. आणि दुधीचा रस : सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्याचं फार कौतुक आहे. पिण्याआधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघायचा आणि किंचित कडू लागला तरी अख्खा दुधी फेकायचा. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत. 'कडू ते औषधी' हा न्याय इथे लावू नये.

दहावा आठवडा : दोन रिपोर्ट

एप्रिलमध्ये रात्रीचं जेवणही कच्चं झालं आणि एकूण खाण्यातला कच्चा भाग तीन चतुर्थांशावर गेला. वजन ७५. गृहस्थ खूश. दहाव्या आठवड्याच्या रिपोर्टात मात्र पोटॅशियम ५.६ आलं.

शोध घेतला तेव्हा यादी अशी निघाली : उन्हाळा म्हणून रोज एक शहाळं (एकट्यात ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम), दोन केळी, टोमॅटो भरपूर, सकाळी दोनशे ग्रॅम कच्च्या पालकाचा रस आणि बीपीसाठी म्हणून कुणीतरी सुचवलेलं 'लो सोडियम' मीठ. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एरवी निरोगी मूत्रपिंडं हे सगळं बाहेर टाकतात, पण टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, पोटॅशियम पुरेसं बाहेर जाऊ देत नाही. असं वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि आधी काही जाणवेलच असं नाही. मीठ आणि शहाळं त्याच दिवशी बंद, केळं एकावर, डॉक्टरांनी ईसीजी काढला. आठवड्याने ४.८.

पालकाचा रस दुसऱ्या कारणानेही गेला. कच्च्या पालकात ऑक्झलेट फार असतं. शिजवून पाणी ओतून दिलं की बरंचसं निघतं, रसात मात्र सगळंच पोटात. मुतखड्याची खोड असलेल्याने रोजचा पालक-रस हा उद्योगच करू नये. त्या जागी लेट्युस, कोबी, मुळ्याचा पाला. मीठ पुन्हा साधं, आयोडीनवालं. सैंधव घेतलं असतं तर दुधाबरोबर गेलेल्या आयोडीनचा उरलासुरला आधारही गेला असता, आणि कच्चा कोबी रोज पोटात असताना थायरॉइडला ते परवडत नाही.

दुसरा रिपोर्ट बायकोचा. तिचा या आहाराशी संबंध एवढाच की वेगळं कुठे करत बसू म्हणून तीही तेच खात होती. वजन ५१ वरून ४६, हिमोग्लोबिन ९.६, केस गळती, आणि पाळी दोन महिने आलेली नाही. "अहो, मला तर काही कमी करायचंच नव्हतं," हे तिचं वाक्य या प्रकरणातलं सर्वांत नेमकं निरीक्षण आहे. हिशेब केला तर दिवसाला हजार-अकराशे कॅलरी भरल्या. एक किलो कच्च्या भाज्यांत जेमतेम अडीचशे कॅलरी असतात. पोट भरतं, तट्ट भरतं, पण शरीर उपाशी राहतं. गृहस्थांच्या अंगावर खर्चायला चरबी होती, तिच्या नव्हती. जर्मनीतल्या गीसेन इथल्या अभ्यासात दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली होती. वजन जितकं खाली, तितकं हे प्रमाण जास्त.

तिच्यासाठी कच्चा भाग एका कोशिंबिरीवर आणला. भाकरी, वरण, उसळ पुन्हा सुरू. लोहाची गोळी, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि चहा गोळीपासून निदान तासभर लांब. तिने दहीही परत घेतलं. पाळी जूनमध्ये आली, वजन ४९.

पावसाळा आणि माघार

जूनमध्ये मेथी-कोथिंबिरीला मुळापासून पानापर्यंत चिखल. मोड एका रात्रीत तारा सोडू लागले. गृहस्थांना दोन दिवस जुलाब झाले. तेव्हापासून आषाढ-श्रावणात कच्च्या पालेभाज्या पूर्ण बंद आणि सोलता येतील अशाच गोष्टी कच्च्या : काकडी, गाजर, बीट, केळं, पपई. बाहेर कापून ठेवलेलं काहीही नाही. माघार रात्रीच्या जेवणापासून घेतली : नाचणी किंवा ज्वारीची एक भाकरी, पिठलं किंवा आमटी, शिजलेली भाजी. आईंचं ताट आणि यांचं ताट रात्री पुन्हा एक झालं, त्यामुळे घरातली धुसफूसही कमी झाली. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईचा वेळ कोणत्याच आहार-तक्त्यात धरलेला नसतो.

दातांचं एक राहून जातं. सगळ्यावर लिंबू पिळून दिवसातून पाच-सहा वेळा कच्चं चघळलं की दातांवरचं आवरण झिजतं. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश अर्ध्या तासाने.

ऑगस्टअखेर गृहस्थांचं वजन ७३.५, एचबीए१सी ६.४, एलडीएल १०४, बी १२ ४१०. एचडीएल मात्र ४१ वरून ३७. त्यावर उपाय म्हणून चालणं वाढवायला सांगितलं आणि दोन चमचे दळलेला जवस रोज. साखर सुधारली ती कशामुळे? आमच्या मते मोठा वाटा साडेसात किलो वजनाचा आणि फरसाण-साखर-मैदा सुटल्याचा, त्यानंतर ताटातल्या चोथ्याचा. न शिजवण्याचा वाटा सर्वांत लहान. याला खूण अशी की जून ते ऑगस्ट कच्चा भाग तीन चतुर्थांशावरून निम्म्यावर आला, तरी मीटरवरचे आकडे वर गेले नाहीत. गाजर-टोमॅटोतलं बीटा कॅरोटीन आणि लायकोपीन तर शिजवून, थोड्या तेलासोबत जास्त अंगी लागतं.

सध्याची मांडणी : सकाळची थाळी कच्ची, मोड वाफवलेले, दुपारी डब्यात २०० ग्रॅम कोशिंबीर आणि दोन भाकऱ्या-उसळ, रात्री शिजलेलं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी, बी १२ वर्षातून दोनदा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून थंडी उतरली की सकाळी सातला गार काकडी गिळवत नाही. तेव्हा कच्ची थाळी दुपारी एकला, डब्यातल्या भाकरी-उसळीच्या जागी, आणि सकाळी गरम मुगाचं धिरडं. ही अदलाबदल होईल त्या आठवड्यात साखर पुन्हा दिवसातून तीनदा मोजायची आहे.